फील्ड टेस्ट किट सोलापूरच्या पाण्यावर कितपत चालतं? विद्यापीठ आणि कॉलेजांसाठी परीक्षण

सोलापूर जिल्ह्यात पर्यावरणाचा प्रकल्प म्हटला की विषय बहुधा पाण्यावरच येऊन थांबतो, आणि ते रास्तच आहे. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली बेसॉल्टचा कातळ, शहरात काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी आणि जलपर्णीने झाकली जाणारी तळी. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली एकाच जिल्ह्यासाठी म्हणून सुरू झालं. अकरा तालुक्यांत त्याची कॉलेजं आहेत. अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत पाण्याचे नमुने घेणारं असं आयतं जाळं दुसऱ्या कोणाकडे सहसा नसतं. प्रश्न एवढाच, की या मुलांच्या हातात साधन कोणतं द्यायचं.

पहिलं उत्तर फील्ड टेस्ट किटचं येतं. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाल्यावर ग्रामपंचायतींत पोहोचलेली, ब्रीफकेससारखी प्लॅस्टिकची पेटी. आत रसायनांच्या छोट्या बाटल्या, खुणा असलेली चाचणी नळी, ड्रॉपर, रंगतक्ते आणि जंतूंच्या चाचणीसाठी एच-टू-एसच्या कुप्या. बहुतेक पेट्यांत पीएच, गढूळपणा, काठिण्य, अल्कता, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि उर्वरित क्लोरीन अशा चाचण्या असतात. बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत, पण रसायनशास्त्र थोड्याफार फरकाने सारखंच. म्हणून हे परीक्षण एखाद्या छापाचं नसून या प्रकारच्या पेटीचं आहे.

मत आधीच सांगतो. पदवीच्या वर्गासाठी आणि गावासोबतच्या कामासाठी ही पेटी घ्यावी. संशयास्पद पाणी वेगळं काढायला ती उत्तम आहे, शिकवायला तर फारच चांगली. पण पेटी जशी येते तशी वापरली तर सोलापूरच्या जड पाण्यावर ती लवकर संपते आणि बऱ्याचदा चुकते. सोबत आणखी चार वस्तू घ्याव्या लागतात आणि काही सवयी लावून घ्याव्या लागतात. तेवढं जमणार नसेल तर त्याच पैशात प्रयोगशाळेसाठी बुरेट, म्हणजे द्रावण मोजून सोडणाऱ्या खुणांच्या काचनळ्या, घेतलेल्या बऱ्या.

काठिण्यापासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे खरी परीक्षा तिथेच होते.

बेसॉल्ट झिजताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडतो, काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, आणि बोअर जितकं खोल तितका पाण्याचा खडकाशी सहवास जास्त. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ नुसार काठिण्याची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरच्या पाण्यात ६०० ओलांडणारा नमुना इथे अपवाद नाही.

आता पेटीचं गणित पाहा. चाचणी ईडीटीए या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून ठेवणाऱ्या रसायनाच्या थेंबांवर चालते. समजा तुमच्या पेटीत एक थेंब म्हणजे २५ मिलिग्रॅम. २०० ला आठ थेंब, ६०० ला चोवीस. बाटली ५० मिलिलिटरची असेल आणि एका मिलिलिटरमध्ये वीस थेंब पडत असतील तर तिच्यात हजार थेंब आहेत. झाकणावर १०० चाचण्या लिहिलेलं असतं तेव्हा प्रत्येक चाचणीला दहा थेंब, म्हणजे २५० चं पाणी गृहीत धरलेलं असतं. ७५० च्या पाण्याला तीस थेंब लागतात. शंभराच्या तेहतीस चाचण्या झाल्या, आणि बाकीच्या बाटल्या अर्ध्या भरलेल्या असताना पेटी निकामी झाली. यात फसवणूक कोणाची नाही, पाणीच तसं आहे. उपाय सोपा: ईडीटीएचं रिफिल दुप्पट-तिप्पट मागवा, किंवा विभागातच बनवा. डायसोडियम ईडीटीए डायहायड्रेट ३.७२३ ग्रॅम, ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून एक लिटर. हे ०.०१ मोलर द्रावण होतं आणि त्याचा १ मिलिलिटर १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढं काठिण्य दाखवतो. पेटीतल्या द्रावणाची तीव्रता वेगळी असू शकते, म्हणून घरचं द्रावण पेटीच्या बाटलीत ओतून जुनाच गुणक वापरू नका. ते बुरेटसाठी ठेवा: ५० मिलिलिटर नमुना घ्या आणि बुरेटच्या वाचनाला २० ने गुणा.

नमुना ऊर्ध्वपातित पाण्याने पातळ करायचा मार्ग पुष्कळ जण सुचवतात. निम्म्याने पातळ करेपर्यंत ठीक. पाचपट पातळ केलं की एका थेंबाची चूक २५ वरून १२५ वर जाते, आणि मग ५०० की ६२५ हे कोणालाच सांगता येत नाही.

शेवटचा थेंब ओळखणं हे या चाचणीतलं खरं कौशल्य. नमुन्यात आधी बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण घालायचं, मग एरिओक्रोम ब्लॅक टी या रंग बदलणाऱ्या दर्शकाची चिमूट. पाणी द्राक्षासवासारखं तांबडं होतं. ईडीटीए पडू लागला की बराच वेळ काहीच घडत नाही. मग तांबड्यात जांभळी झाक येते. इथून पुढे दर थेंबाला नळी हलवायची आणि तीन-चार सेकंद थांबायचं. एका थेंबाला तांबड्याचा शेवटचा मागमूस जातो आणि स्वच्छ निळं उरतं, तिथे मोजणी थांबवायची. जांभळ्यावर थांबलात तर उत्तर कमी येतं. निळ्यानंतरही घालत राहिलात तर जास्त, आणि ते कळतही नाही, कारण निळं निळंच राहतं. म्हणून शेजारी आधीच निळा करून ठेवलेला एक नमुना तुलनेला असावा. ड्रॉपर उभा धरायचा. तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो आणि मोजणीला अर्थ उरत नाही.

रंग जांभळ्यावरच अडकून बसला तर पहिला संशय बफरवर घ्या. ते अमोनियाचं असतं आणि पीएच १० च्या आसपास ठेवण्यासाठी असतं. उन्हाळ्यात पेटी गाडीच्या डिकीत राहिली, झाकण सैल असलं की अमोनिया उडून जातो. चांगल्या बफरचं झाकण उघडताच नाकात झिणझिण्या येतात. वास मंद असेल तर ती बाटली गेली. दुसरा संशय लोखंडी पाइपातून आलेल्या गंजावर, कारण लोह हा रंग बदलू देत नाही. आणि बफर घातल्यावर पाच मिनिटांच्या आत टायट्रेशन, म्हणजे ही थेंबांची मोजणी, उरकायचं. उशीर झाला तर जड पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतो आणि काठिण्य असतं त्यापेक्षा कमी दिसतं. दर्शक पावडरच्या रूपात घ्या. द्रावणातलं एरिओक्रोम फार दिवस टिकत नाही, मिठात खललेली पावडर टिकते.

नायट्रेटची चाचणी गावासाठी सगळ्यात महत्त्वाची आणि पेटीत सगळ्यात नाजूक. मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि इथे ६०० सारखी सवलतीची दुसरी मर्यादा नाही, कारण बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जास्त नायट्रेटमुळे घटते. ऊस, द्राक्ष, डाळिंब यांना दिलेला युरिया, गोठ्याचं मूत्र आणि शोषखड्डे यांच्यामुळे मर्यादेबाहेर गेलेल्या विहिरी जिल्ह्यात सापडतात. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. गावात हे आवर्जून सांगावं लागतं, कारण उकळलं की पाणी शुद्ध झालं हा समज पक्का आहे.

पेटीत सहसा जस्ताची भुकटी नायट्रेटचं नायट्राइट करते आणि मग गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद तितकं नायट्रेट जास्त. इथे तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला वेळेचा: जस्त जास्त पडलं किंवा नळी फार वेळ ठेवली तर नायट्राइट पुढे अमोनियापर्यंत जातो आणि रंग फिका पडतो. म्हणजे जास्त दूषित पाणी कमी दूषित दिसतं. चमचा सपाट भरायचा, घड्याळ लावायचं आणि पत्रकातली मिनिटं तंतोतंत पाळायची. दुसरा एककाचा: काही तक्ते नायट्रेट दाखवतात, काही नायट्रेटमधला नायट्रोजन. नायट्रोजनचा १० म्हणजे नायट्रेटचा जवळपास ४४. तक्त्यावर नायट्रोजन असेल तर आकडा ४.४३ ने गुणा. हे न पाहता नोंदवही भरली की दूषित विहीर सुरक्षित ठरते. तिसरा तक्त्याचा: ४५ नंतर एकदम १०० चा चौकोन असेल तर ६० आणि ९० मधला फरक डोळ्यांना कळणार नाही. अशा वेळी तोच नमुना निम्म्याने पातळ करून पुन्हा चाचणी घ्या. पातळ केल्यावरही रंग ४५ च्या चौकोनाएवढा आला तर मूळ पाणी ९० च्या घरात आहे.

नमुन्यात आधीपासून नायट्राइट असेल तर तोही गुलाबी रंग देतो. म्हणून जस्त न घालता एक नळी चालवून पाहायची. ती गुलाबी झाली तर जवळच सांडपाणी झिरपत असल्याची शक्यता धरून विहिरीच्या आसपासचा परिसर फिरून बघायचा. हा पाच मिनिटांचा फेरफटका कित्येकदा चाचणीपेक्षा जास्त सांगून जातो.

क्लोराइडची चाचणी तुलनेने निर्धास्त. पिवळ्या क्रोमेटमध्ये सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकत जायचं, पांढरा साका दिसतो, आणि हलवल्यावरही टिकणारी पहिली विटकरी झाक आली की थांबायचं. मुलं गडद विटकरी रंगाची वाट बघतात आणि दोन-तीन थेंब जास्त मोजतात. सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं की काळे डाग पडतात, ते काही दिवस जात नाहीत. हातमोजे घालाच. अल्कतेवर फार बोलायची गरज नाही, ती बरी चालते. लोहाचीही, फक्त बोअर पाच मिनिटं चालवून पाइपातलं साचलेलं पाणी आधी जाऊ द्या. फ्लोराइडच्या चाचणीत अल्कता जास्त असेल तर रंग फसवतो, त्यामुळे मर्यादेच्या जवळपास आलेला प्रत्येक नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा. गढूळपणाच्या चाचणीला आम्ही गुण देणार नाही. मानक १ एनटीयूचं (हे गढूळपणाचं एकक) आहे, सवलतीत ५. एवढ्या कमी गढूळपणात फरक करणं नुसत्या डोळ्यांना जमत नाही.

पीएचचा तक्ता अर्ध्या एककाइतकी चूक सहज करतो. तरी वर्गासाठी तो मोलाचा आहे, पण बोअरवर नव्हे, तळ्यावर. धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे आपला जुना कंबर तलाव, किंवा सिद्धेश्वर तलाव घ्या. एकाच जागी सकाळी सात वाजता आणि दुपारी तीन वाजता पीएच मोजा. पाण्यात शेवाळ भरपूर असेल तर दुपारी ते प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच वर सरकतो. रात्रभर श्वसन चालतं, सकाळी तो खाली येतो. दोन नळ्यांमधला रंगांचा फरक बघून विद्यार्थ्याला तळं जिवंत आहे हे जितकं पटतं तितकं फळ्यावरच्या समीकरणाने पटत नाही.

मात्र तळ्यासाठी ही पेटी अपुरी आहे हे स्पष्ट सांगायला हवं. ती पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली आहे. जलपर्णी आणि शेवाळ समजून घ्यायला विरघळलेला ऑक्सिजन आणि फॉस्फेट लागतं, आणि ही दोन्ही बहुतेक पेट्यांत नसतात. ऑक्सिजनसाठी विंकलर पद्धतीचा संच वेगळा घ्यावा: ३०० मिलिलिटरच्या काचेच्या बीओडी बाटल्या, मँगनस सल्फेट, अल्कली-आयोडाइड-अझाइड, आम्ल, थायोसल्फेट, स्टार्च. बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची आणि पहिली दोन रसायनं तळ्याच्या काठावरच घालायची. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. २०० मिलिलिटर नमुन्यावर ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटचा एक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. ३० अंशाला समुद्रसपाटीवर पाण्यात साडेसात मिलिग्रॅम मावतो. सोलापूरची उंची साडेचारशे मीटरच्या वर असल्याने इथे सातच्या थोडं पुढे. दुपारी हिरव्या पाण्यात याच्या कितीतरी वर आकडा आला तर घाबरू नका, ती शेवाळाची करामत आहे. खरा धोक्याचा आकडा पहाटेचा. मासे मरतात ते पहाटे. तीव्र सल्फ्युरिक आम्ल मात्र विद्यार्थ्यांच्या पिशवीत देऊ नये, ते काम शिक्षकांनी स्वतःच्या हाताने करावं.

रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्यावर हे किट चालवायचा मोह सोलापुरात होतोच. चादर आणि टॉवेलच्या शहरात तो होणं साहजिक आहे. पण पाणीच लाल-निळं असेल तर रंगावर चालणारी प्रत्येक चाचणी खोटं बोलणार. तिथे सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) मोजावं लागतं, आणि ते प्रयोगशाळेतच होतं.

नळाच्या पाण्यातल्या उर्वरित क्लोरीनची चाचणी ग्रामपंचायतीत ओटी टेस्ट म्हणून सगळ्यांना माहीत असते. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की जलसुरक्षक ती घेतो. किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन, आणि ते आरोग्याला घातक रसायन आहे. विद्यापीठाने मुद्दाम डीपीडी या दुसऱ्या रसायनाची पेटी मागावी, तिचा रंग पिवळ्याऐवजी गुलाबी येतो. चाचणी नळावरच घ्यायची. बाटलीत भरून कॉलेजात आणलं तर वाटेतच क्लोरीन उडालेला असतो. शहरासाठी एक उपयुक्त प्रकल्प यातूनच निघतो: पाणी आलं त्या दिवशी नळावर एक चाचणी, आणि त्याच घरच्या पिंपात साठवलेल्या पाण्यावर रोज एक, पुढचं पाणी येईपर्यंत. क्लोरीन कोणत्या दिवशी शून्य होतो हे घरच्यांना डोळ्यांनी दिसतं, आणि पिंप झाकायला कोणी सांगावं लागत नाही.

एच-टू-एस कुप्यांबद्दल जरा सविस्तर, कारण सोलापूरचं हवामान इथे थेट आडवं येतं. कुपीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, ३० ते ३७ अंशांत २४ ते ४८ तास ठेवायचं. काळं पडलं तर मलमिश्रित दूषिततेची शंका. पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ४४ अंशांच्या वर पारा गेला की जंतूंची वाढ बिघडू शकते, कुपी पिवळीच राहू शकते आणि पाणी चांगलं असल्याचा गैरसमज होतो. डिसेंबरच्या रात्री उलट, वाढ मंदावते. विद्यापीठाकडे इन्क्युबेटर असतो, तो वापरा. गावात थर्मोकोलचा डबा, आत कोमट पाण्याच्या बाटल्या आणि थर्मामीटर, एवढ्याने काम भागतं. कुपी भरल्याबरोबर, काही मिनिटांतच काळी झाली तर ते जंतू नसून पाण्यातच सल्फाइड आहे. आणि काळी झालेली कुपी म्हणजे जंतूंची शेती. ती कचऱ्यात टाकायची नाही. सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर नीट निर्जंतुक करायची, मगच विल्हेवाट.

पेटीसोबत काय घ्यावं? पहिली वस्तू विद्युतवाहकता मोजणारं पेन. नुसतं टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं) पेन घेऊ नका. टीडीएस पेनसुद्धा वाहकताच मोजतं आणि तिला ०.५ ने किंवा ०.७ ने गुणून आकडा दाखवतं. दोन गटांकडे दोन प्रकारची पेनं असतील तर एकाच विहिरीचे दोन टीडीएस येतील. पेन १४१३ मायक्रोसिमेन्सच्या द्रावणावर जुळवून घ्यायचं. पोटॅशियम क्लोराइड ०.७४५६ ग्रॅम एक लिटरमध्ये, २५ अंशांना नेमका हाच आकडा.

या पेनामुळे खोटी आकडेवारी पकडायची एक सोपी युक्ती हाती येते, आणि ती प्रत्येक नोंदवहीच्या मुखपृष्ठावर चिकटवावी अशी आहे. अल्कतेला ५० ने भागा, क्लोराइडला ३५.५ ने, नायट्रेटला ६२ ने. तिघांची बेरीज ढोबळमानाने वाहकता भागिले १०० याच्या आत बसली पाहिजे. उदाहरणार्थ अल्कता ४०० म्हणजे ८, क्लोराइड २८४ म्हणजे ८, नायट्रेट ६२ म्हणजे १, एकूण १७. वाहकता १७०० किंवा त्याहून जास्त हवी, कारण सल्फेट अजून मोजलेलंच नाही. पेन १००० दाखवत असेल तर थेंब चुकले, गुणक चुकला किंवा पेन बिघडलं. ही एक ओळ तपासली तरी प्रकल्प अहवालांतली बरीच रद्दी आधीच गळून जाईल.

दुसरी वस्तू माहीत असलेल्या तीव्रतेची द्रावणं, स्वतःचाच हात तपासायला. पोटॅशियम नायट्रेट ०.१६३१ ग्रॅम एक लिटरमध्ये म्हणजे १०० मिलिग्रॅम नायट्रेट, त्यातलं ४५ मिलिलिटर घेऊन १०० पर्यंत भरलं की नेमकी मर्यादा. सोडियम क्लोराइड १.६४८ ग्रॅम एक लिटरमध्ये म्हणजे १००० मिलिग्रॅम क्लोराइड. शिक्षकांनी अशी एक बाटली नाव न लिहिता गटाला द्यावी. ४५ ला ४५ सांगता येत नसेल तर त्या गटाने अजून गावात जाऊ नये. प्रत्येक दिवशी एक ब्लँक (नमुन्याऐवजी ऊर्ध्वपातित पाण्यावर तीच चाचणी), दर दहा नमुन्यांमागे एक दुहेरी नमुना, आणि रंग दोघांनी एकमेकांना न सांगता वाचायचा. वाचन मोकळ्या सावलीत. ट्यूबलाइटखाली हिरवा-निळा फसवतो, कडक उन्हात सगळंच फिकं दिसतं. लाल-हिरव्यात फरक न कळणारा विद्यार्थी गटात असू शकतो. त्याला न दुखावता नोंदी किंवा वाहकतेचं काम द्यावं.

तिसरी, पेटी ठेवायला थंड पेटी. बहुतेक रसायनांना तिशीच्या आतलं तापमान मानवतं, आपला उन्हाळा चाळिशी पार करतो. चौथी, कचऱ्याचे तीन कॅन. याविषयी आग्रहाने लिहावंसं वाटतं, कारण पर्यावरणाच्या नावाखाली विहिरीकाठी क्रोमेट ओतून येणारा प्रकल्प न केलेलाच बरा. क्लोराइडच्या चाचणीतलं क्रोमेट सहा-संयुजी क्रोमियम आहे, कर्करोगाला कारण ठरणारं. एका कॅनमध्ये क्रोमेट आणि चांदी, दुसऱ्यात आम्ल-अल्क, तिसऱ्यात जंतूंच्या कुप्या. प्रयोगशाळेत क्रोमेटला आम्लात सोडियम बायसल्फाइट घालून तीन-संयुजी करायचं, पिवळा जाऊन हिरवट रंग येतो. हे हवेशीर ठिकाणी, कारण त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. मग चुन्याने पीएच ८ ते ९ वर नेला की क्रोमियम खाली बसतो. तो गाळ वाळवून अधिकृत धोकादायक कचरा केंद्राकडेच जायला हवा. हे काम विद्यार्थ्यांना दाखवा. संशोधनाचाही कचरा असतो हे त्यांनी याच वयात बघितलेलं चांगलं.

साठ जणांच्या वर्गाला बारा जणांमागे एक पेटी पुरते. कामं वाटून द्या: नमुना घेणारा, थेंब मोजणारा, रंग वाचणारे दोघे, नोंद करणारा, कचरा सांभाळणारा. पाच पेट्यांच्या वर घेण्यात अर्थ नाही, उरलेले पैसे रिफिलला ठेवा.

गावासोबतच्या कामात आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना ही चाचणी शिकवायची अशी योजना आहे. जिथे ती पेटी कपाटात पडून मुदत उलटली असेल तिथे विद्यापीठाने स्वतःची चकचकीत पेटी मिरवत जाऊ नये. त्याच महिलांची पेटी उघडावी, मुदत गेलेल्या बाटल्या बदलून द्याव्यात, निळ्या रंगावर थांबायचं कसं हे सोबत बसून दाखवावं, आणि पुढच्या फेरीला आकडे त्यांनीच वाचावेत. या ताईंना कोणत्या आडाचं पाणी कधी मचूळ होतं हे वर्षानुवर्षं ठाऊक असतं. नमुन्याची जागा त्यांना विचारून ठरवली तर निम्मी मेहनत वाचते.

निकाल लिहिताना एक पथ्य पाळा. किटच्या आधारावर कधीही ‘पिण्यास योग्य’ लिहू नका. ‘या चाचण्यांत दोष आढळला नाही’ एवढंच लिहा. मर्यादेच्या जवळ किंवा वर आलेला नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवा आणि पावतीचा क्रमांक ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या. ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळण्याची पद्धत राज्यात आहेच. तुमचा कागद त्या फाइलला लागला पाहिजे, नुसता कॉलेजच्या प्रदर्शनात नव्हे.

फेऱ्या वर्षातून किमान दोन: मे महिन्यात पाणी सर्वांत खाली असताना आणि ऑक्टोबरमध्ये पुनर्भरण झाल्यावर. विहिरी त्याच, जागा त्याच, शक्य तर वेळही तीच. पन्नास नव्या विहिरींच्या एकेका आकड्यापेक्षा दहा विहिरींचे पाच वर्षांचे आकडे संशोधनाला जास्त कामाचे.

खरेदीच्या वेळी पत्रात पुढील गोष्टी स्पष्ट लिहून मागा: प्रत्येक बाटलीवर स्वतंत्र बॅच आणि मुदत, मिळताना किमान वर्षभर शिल्लक असलेली. खोक्यावरची तारीख ग्राह्य धरू नका. क्लोरीनसाठी डीपीडी. नायट्रेटचा तक्ता नायट्रेटमध्ये, ४५ च्या चौकोनासह आणि ४५ ते १०० मध्ये आणखी एक टप्पा. रिफिल सुटी मिळण्याची हमी. मराठी माहितीपत्रक, आणि ते आधी वाचून पाहा, कारण काही पत्रकांत थेंब आणि मिलिलिटर यांची गल्लत असते. आणि मागणी मार्चअखेर निधी संपवायच्या घाईत नोंदवू नका. तसं केलं की बाटल्या एप्रिलच्या उन्हात मालमोटारीतून येतात आणि जूनपर्यंत कुलूपबंद खोलीत भाजत राहतात. ऑगस्टच्या शेवटी मागवा, सप्टेंबरमध्ये माहीत असलेल्या द्रावणांवर प्रत्येक बाटली तपासा, खराब निघालेली लगेच परत करा, आणि ऑक्टोबरच्या फेरीला ताजी पेटी घेऊन निघा.